इंग्रजीतली मैत्रीण

मी सुरतेत, कतारगाममधल्या एका दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. थंडी सुरू झाली की आमच्याकडे परदेशातून आलेले पेशंट वाढतात. लोक अमेरिकेहून, लंडनहून घरच्या लग्नाला येतात आणि आलोच आहोत तर म्हणून दातांचं कामही उरकून घेतात. म्हाताऱ्यांशी गुजरातीत भागतं. पण त्यांच्या मुलांना, सुनांना गुजराती नीट येत नाही आणि मला इंग्रजी. एकदा आधीच्या पेशंटचं काम आटोपलं, म्हणून मी बाहेर येऊन एका बाईला सांगितलं, "डॉक्टर इज फिनिश्ड. प्लीज गो इनसाइड." ती बाई पर्स छातीशी धरून माझ्याकडे बघतच राहिली. डॉक्टर आतून हसत आले, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

त्या दिवशी दवाखाना बंद करताना डॉक्टर म्हणाले की तुम्हाला साधं इंग्रजी येतं, अडत नाही, पण आता त्याच्या वरचे शब्द शिका. त्यांच्या ओळखीच्या एक मॅडम फोनवर क्लास चालवत. त्यांचा नंबर त्यांनी मला दिला. मी तो घेतला, तो निव्वळ कामासाठी घेतला असं म्हणता यायचं नाही. त्या वर्षी माझी मुलगी नर्सिंगला नाशिकला गेली होती, हॉस्टेलवर. आणि माझ्या नवऱ्याचा कारखाना आम्ही राहतो त्या गोडादऱ्यातून हलून शहराबाहेर पलसाण्याला गेला होता. तो लूम, म्हणजे कापडाचे माग, दुरुस्त करतो, कारखान्यात त्याला मास्तर म्हणतात. रोज जाणं-येणं जमेना, म्हणून तिथल्याच खोलीवर राहायला लागला. शनिवारी संध्याकाळी यायचा, सोमवारी सकाळी जायचा. मधले सगळे दिवस मी संध्याकाळी घरी येऊन कुलूप उघडायची आणि स्वतःच दिवा लावायची. गल्लीत लूम चालू असत, त्यांची खटखट भिंतीतून यायची. सुरतेत आले तेव्हा त्या आवाजाने माझं डोकं दुखायचं. त्या वर्षी मात्र लूम बंद असले की बेचैन वाटायचं.

मॅडमचा क्लास म्हणजे व्हॉट्सॲपचा ग्रुप. त्या रोज सकाळी पाच शब्द पाठवायच्या. फार अवघड नाहीत, फार सोपेही नाहीत. 'हॅपी', 'सॅड' हे झालेल्यांसाठी पुढचे. रिलक्टंट, ग्रॅज्युअली, नेग्लेक्ट, ग्रेटफुल, असे. त्यांचं पाठांतर करायचं नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. प्रत्येकीला त्यांनी एक पार्टनर ठरवून दिली होती. रोज संध्याकाळी पार्टनरला फोन लावायचा आणि ते पाचही शब्द वापरून बोलायचं. फक्त इंग्रजीत. आणि पुस्तकातली वाक्यं नकोत. "पोतानी लाइफनुं वाक्य बनावो," असं त्या पुन्हा पुन्हा सांगत. आपल्या स्वतःच्या आयुष्यातलं वाक्य करा.

माझ्या वाट्याला जी आली तिचं नाव गुजरातेतही असतं आणि आपल्याकडेही. मॅडम सगळ्यांच्या नावापुढे 'बेन' लावत, त्यामुळे ग्रुपमध्ये सगळ्या बेनच होत्या. मी तिला गुजराती समजले. तीही मला तसंच समजली असणार. इंग्रजीत आम्ही दोघी इतक्या अडखळत होतो, की बोलण्याच्या ढबीवरून काही ओळखायला वावच नव्हता.

पहिल्या दिवशी तिने माझा फोन उचलला आणि आम्ही दोघीही गप्प बसलो. मग ती हळूच म्हणाली, "आय ॲम रिलक्टंट."

मी म्हटलं, "मी टू."

ती हसली. त्या हसण्यावरून मला ती माझ्याच वयाची वाटली, किंवा थोडी लहानच.

सुरुवातीची वाक्यं अशीच होती. माय डॉटर इज ग्रॅज्युअली फर्गेटिंग टू कॉल मी. आय नेग्लेक्ट माय नी पेन. पण स्वतःच्या आयुष्यातलं वाक्य करायचं म्हटलं, की रोज पाच वेळा आपल्याच घरात डोकावून बघावं लागतं. थोड्या दिवसांत आम्हाला एकमेकींच्या घरातलं सगळं माहीत झालं. तिच्या शेगडीजवळची खिडकी कुठल्या बाजूला उघडते तेसुद्धा मला ठाऊक होतं. चेहरा तेवढा माहीत नव्हता. व्हिडिओवर बोलू असं तीही कधी म्हणाली नाही, मीही नाही.

ती कामरेजला राहत होती, मुलाने घेतलेल्या फ्लॅटमध्ये. नवऱ्याची बांधकामाची कामं होती, ती आता थांबली होती. मुलगा आणि सून दोघं नोकरीला. ती इंग्रजी कशाला शिकते, हे तिने मला फार लवकर सांगितलं. गुजराती, हिंदी तिला सगळं कळत होतं. त्यामुळे मुलाला आणि सुनेला तिच्यादेखत काही खाजगी बोलायचं असलं, की ते इंग्रजीत बोलत. जेवायला बसले की हटकून.

"दे डिस्कस मी," ती म्हणाली. "आय वाँट टू नो व्हॉट दे डिस्कस."

घरातल्या कुणालाही तिने क्लासचं सांगितलेलं नव्हतं. सून यायच्या आत, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभी राहून ती माझ्याशी बोलायची.

मग तिचं सुरू झालं. रात्री जेवताना कानावर पडलेला एखादा शब्द ती जपून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी मला विचारायची. कधी तो मॅडमनी दिलेल्या शब्दांतला निघायचा, तेव्हा तिला कोण आनंद व्हायचा. कधी उच्चारात इतका बिघडलेला असायचा की आम्हा दोघींना सापडायचाच नाही. एका संध्याकाळी तिने विचारलं, "व्हॉट इज बर्डन?"

मला माहीत होता. तरी मी म्हटलं, थांब, बघते. मोबाइलवर शोधल्यासारखं केलं. मग म्हटलं, "हेवी थिंग. टू कॅरी."

पलीकडे तिने खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला.

"दे सेड टू टाइम्स," ती म्हणाली. "माय सन सेड. नॉट शी."

त्या दिवशीचे पाच शब्द आमचे राहूनच गेले. मी तिला एवढंच म्हणू शकले, "डोन्ट अझ्यूम." अझ्यूम हा त्याच आठवड्यातला शब्द होता.

माझंही मी सांगत होते. नवरा पलसाण्याला गेला तेव्हा लोक मला म्हणायचे, करमत नसेल ना. मी हो म्हणायची. पण खरं ते नव्हतं. तो गेल्यावर मला आधी सुटल्यासारखं झालं होतं, आणि मग त्या सुटण्याचंच वाईट वाटायला लागलं होतं. तो वाईट माणूस नाही. हात उगारला नाही, व्यसन नाही, मुलीला शिकवलं. आम्हाला एकमेकांशी बोलायला काही नव्हतं, एवढंच. हे मी आईजवळ कधी बोलले नाही, बहिणीजवळ नाही. तिच्याजवळ बोलून गेले, कारण त्या दिवशी 'रिलीफ' आणि 'गिल्टी' हे दोन्ही शब्द एकाच यादीत आले होते.

"माय हजबंड इज गुड मॅन," मी म्हटलं. "व्हेन ही वेंट, आय फेल्ट रिलीफ. नाउ आय फील गिल्टी."

मी वाट बघत राहिले. वाटलं, आता ही मला नावं ठेवणार.

ती म्हणाली, "माय हजबंड इज आल्सो गुड. ही इज गुड टू एव्हरीबडी. सो नथिंग इज लेफ्ट फॉर होम."

आणि आम्ही दोघी हसलो. मी इतकी हसले की शेजारीण जाळीतून बघून गेली.

एका शनिवारी माझा नवरा नेहमीपेक्षा लवकर आला. मी फोनवर होते. त्याने चपला काढल्या, हातपाय धुतले, बाजेवर बसून ऐकत राहिला. मी फोन ठेवल्यावर म्हणाला, "कोनासंगे बोली राह्यनी तू?"

"क्लासनी बाई शे," मी म्हटलं.

"तुले काय करनं शे इंग्रजीनं?"

"कामले लागस."

त्याने मान हलवली. मग म्हणाला, तू फोनवर हसतेस तशी घरात कधी हसली नाहीस. तक्रार म्हणून नव्हे, कापडात कुठला धागा सुटलाय हे सांगावं तसं म्हणाला. मी चहा टाकायला उठले.

दवाखान्यातही फरक पडत होता. आता मी पेशंटला सांगू शकत होते की थोडं अनकम्फर्टेबल वाटेल, पण बेअरेबल असेल. लंडनहून आलेली एक सून एकदा मला म्हणाली की तुमच्यामुळे माझी भीती गेली. डॉक्टरांनी ते ऐकलं. संध्याकाळी मी हे पार्टनरला सांगितलं, तर ती माझ्यापेक्षा जास्त खूश झाली. "यू डिझर्व," म्हणाली. "यू डिझर्व, यू डिझर्व," असं गाणं म्हटल्यासारखं कितीतरी वेळ.

मग एक दिवस तिने फोन उचलताच, हॅलोसुद्धा न म्हणता सांगितलं, "दे आर नॉट डिस्कसिंग मी."

आदल्या रात्री तिला पहिल्यांदा जवळजवळ सगळं बोलणं कळलं होतं. मुलाच्या ऑफिसात माणसं कमी करायचं चाललं होतं. गेलेल्यांचं काम त्याच्या अंगावर पडत होतं, तेच ते बर्डन. आपलाही नंबर लागेल अशी त्याला धास्ती होती आणि आईबापांना ते कळू नये म्हणून दोघं इंग्रजीत बोलत होते. सून त्याला धीर देत होती. इतके महिने रोज, तिच्या समोर बसून, भाकरी मोडता मोडता.

"सो यू आर रिलीव्ह्ड?" मी विचारलं.

"यस. आय ॲम रिलीव्ह्ड." थोडं थांबून ती म्हणाली, "आल्सो आय ॲम डिसअपॉइंटेड. नोबडी डिस्कसेस मी."

यावर मी हसले नाही. तीही हसली नाही. मग मी म्हटलं, "आय डिस्कस यू. विथ मायसेल्फ. एव्हरी डे." वाक्य बरोबर होतं की चूक मला माहीत नाही. ती थँक्यू म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

हे आमचं असं चाललं असतं, किती दिवस चाललं असतं ते सांगता येत नाही. एका संध्याकाळी 'रिग्रेट' हा शब्द होता. माझं वाक्य सांगून झालं. शिकले असते तर, असलं काहीतरी नेहमीचंच होतं. मग तिची पाळी आली. ती नेहमीपेक्षा हळू बोलत होती.

"आय रिग्रेट," ती म्हणाली, "दॅट आय नेव्हर टोल्ड…" आणि एकदम ओरडली, "अग्गं माय! दूध गेलं की उतू!"

माझ्या तोंडून निघालं, "गॅस बंद करा आधी!"

पलीकडे भांड्याचा आवाज झाला, काहीतरी चरचरलं, मग सगळं शांत झालं. मग तिचा आवाज आला, पण तो मला माहीत असलेला आवाज नव्हता. मोठा, मोकळा, घरच्या माणसाचा आवाज.

"तुम्ही मराठी आहात?"

"हो," मी म्हटलं. "धुळ्याकडची. शिरपूर तालुक्यातली."

"आन् मी परभणीची! काय बाई हे! इतके दिवस आपण इंग्रजी फाडतोय एकमेकींपुढं!"

त्या दिवशी आम्ही इतकं बोललो की माझ्या मोबाइलची बॅटरी संपत आली. गाव, माहेर, सासर, सुरतेत कधी आलो, कुणाच्या ओळखीने आलो. तिने आडनाव विचारलं, मी सांगितलं. मी तिचं विचारलं, तिने सांगितलं. आडनावावरून जे कळायचं ते तिला कळलं, मला कळलं. मग वय निघालं. ती माझ्या आईपेक्षा जेमतेम पाच-सात वर्षांनी लहान होती.

"अगं, म्हणजे तू मला लेकीसारखीच की!" ती म्हणाली. "मला मावशी म्हणत जा."

मी म्हटलं, "बरं, मावशी."

फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ खुशीत होते. तिचं ते अर्धं राहिलेलं वाक्य माझ्या लक्षातही राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी आठवलं, तेव्हा विचारलं, "मावशी, काल तुम्ही काय सांगत होतात? कुणाला काय सांगायचं राहिलं?"

"कुठं काय," ती म्हणाली. "असंच बोलायचं म्हणून बोलत होते. जेवलीस का?"

तेव्हापासून आमचे फोन बदलले. बदलले हे मला एकदम कळलं नाही. ती प्रेमाने चौकशी करायची. गुडघ्याला कुठलं तेल लाव, मुलीचं शिक्षण झालं की लगेच स्थळं बघ, दवाखान्यात उभ्याने पाणी पिऊ नकोस. मीही 'हो मावशी, बरं मावशी' करायची. एकदा मी धीर करून नवऱ्याचा विषय काढला. म्हटलं, मावशी, परवा तो आला आणि जेवून झोपला आणि उठून गेला, दोन दिवसांत आम्ही दहा वाक्यंसुद्धा बोललो नसू.

"असं बोलू नये गं," ती म्हणाली. "राबतो बिचारा. संसार म्हटला की हे चालायचंच. तू त्याच्या आवडीचं काही करून घाल."

इंग्रजीत मी हेच तिला सांगितलं होतं तेव्हा तिने मला हसवलं होतं. पण तेव्हा तिला माझी मावशी व्हावं लागत नव्हतं, आणि मला तिची भाची. तिच्याजागी मी असते, तर मीही हेच बोलले असते. आपल्यात मोठ्या बाईने लहान बाईला हेच सांगायचं असतं.

मी एकदा मुद्दाम इंग्रजीत सुरुवात केली. "हाउ वॉज युवर डे?"

ती खळखळून हसली. "आता कशाला गं ती कसरत? आपण आपल्या माणसात!"

मग तिने मला घरी बोलावलं. रविवारी ये म्हणाली, सगळे घरी असतात. नवऱ्याचं जेवण झाकून ठेवून मी बसने कामरेजला गेले. तिच्या इमारतीखाली उभी राहिले, तेव्हा स्वयंपाकघराची ती खिडकी मला खालूनच ओळखू आली. दार तिनेच उघडलं. ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई, डोक्यावर पदर. मी वाकून नमस्कार केला. तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. आम्ही दोघी एकमेकींकडे जरा चोरूनच बघत होतो.

आत मुलगा आणि सून टीव्हीसमोर बसले होते. मला त्या दोघांबद्दल इतकं माहीत होतं की त्यांच्या नजरेला नजर देणं अवघड जात होतं. मुलगा दमलेला दिसत होता. त्याला काय सतावतंय हे मला माहीत आहे, हे त्याला कुठून कळणार?

"ही माझ्या ओळखीची," मावशी त्यांना म्हणाली. "आपल्याकडचीच आहे. गोडादऱ्याला असते."

क्लासचं नाव तिने काढलं नाही, मीही काढलं नाही. चहा झाला. गावाकडच्या गप्पा झाल्या. तिचे यजमान बाल्कनीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. ते एकदा आत येऊन "शिरपूरला आमचं एक काम होतं" एवढं बोलून परत गेले. सून चांगली होती. तिने मला दवाखान्याबद्दल विचारलं, डाळिंबाचे दाणे आणून दिले. मग घड्याळाकडे बघत ती नवऱ्याला, आवाज अजिबात न बदलता, हसऱ्या चेहऱ्याने म्हणाली, "इज शी स्टेइंग फॉर लंच? देअर इज बेअरली इनफ राइस."

बेअरली आमच्या यादीत होता. आम्ही त्याची वाक्यं केली होती. आय बेअरली नो माय नेबर्स, हे माझं होतं.

मी वाटीतल्या दाण्यांकडे बघत राहिले. मग नजर वर केली तर मावशी माझ्याकडेच बघत होती. तिच्या चेहऱ्यावर रेषही हलली नव्हती, पण डोळे माझ्या पार्टनरचे होते. त्या महिन्यांत जिच्याशी मी बोलत होते ती बाई मला त्या घरात तेवढ्या क्षणापुरतीच दिसली.

मग ती गुडघ्यावर हात देऊन उठली आणि म्हणाली, "बस गं तू. जेवल्याबिगर जायचं नाही. मी आणखी थोडा भात टाकते."

सुनेचा चेहरा उतरला. तिने नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने आईच्या पाठीकडे बघितलं. आत कुकरच्या झाकणाचा आवाज झाला. जेवताना सून मला आग्रह करकरून वाढत होती आणि तिचे कान लाल झाले होते. मला तिची दया आली. भात भरपूर उरला.

त्यानंतरच्या फोनमध्ये मावशीने मला सांगितलं, तेही मी खोदून विचारल्यावर. मुलाने तिला काही विचारलं नव्हतं. सुनेनेही नाही. फक्त आता जेवताना कुणी इंग्रजीत बोलत नव्हतं. म्हणजे जेवताना फारसं कुणी बोलतच नव्हतं.

"दार लावून बोलतात आता," ती म्हणाली. "आत, त्यांच्या खोलीत. आधी निदान कानावर तरी पडायचं."

माझ्यामुळे झालं हे, असं मला म्हणायचं होतं. तुम्ही माझ्यासाठी भात टाकायला उठलात आणि तुमच्या घरातला आवाज गेला. इंग्रजीत मी ते म्हटलं असतं, कसंबसं, मोडकं. मराठीत मी म्हणाले, "असू द्या मावशी. होतं असं."

"हो बाई," ती म्हणाली. "होतं."

मुलाची नोकरी काही महिन्यांनी गेली. दुसरी वडोदऱ्याला मिळाली, तेव्हा ते फ्लॅट भाड्याने देऊन तिकडे गेले. मावशी आणि तिचे यजमान त्यांच्याबरोबर गेले नाहीत. परभणीकडे त्यांचं घर होतं, थोडी शेती वाट्याने दिलेली होती, तिकडे परत गेले. जायच्या आधी तिचा फोन आला. मी बस स्टँडवर भेटायला येते म्हटलं, तर म्हणाली, कशाला उगाच दगदग, सामानाची गडबड असते. मी गेले नाही. जायला हवं होतं की नव्हतं, हे मला अजून ठरवता येत नाही.

आता तिचा फोन सणासुदीला येतो. तिकडे नेटवर्क नीट नसतं. ती विचारते, बरी आहेस का. मी म्हणते, बरी आहे, तुम्ही बऱ्या आहात ना. ती म्हणते, बरं चाललंय. मग मुलीचं विचारते, नवऱ्याचं विचारते आणि मी सगळं ठीक असल्याचं सांगते. एकदा मी विचारलं होतं, मावशी, शब्द आठवतात का आपले? ती म्हणाली, इथं कुणाशी बोलू बाई, म्हशीशी? आणि हसली. ते हसणं तेच होतं, पहिल्या दिवशीचं. माझ्याच वयाच्या बाईचं.

मॅडमनी मला नवी पार्टनर दिली. ती नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली मुलगी होती, हुशार होती. पण ती वाक्यं मोबाइलवरून काढून वाचायची. द क्लायमेट इज ग्रॅज्युअली चेंजिंग. द मॅनेजर वॉज रिलक्टंट टू साइन. मी तिला सांगून बघितलं की आपल्या स्वतःच्या आयुष्यातलं सांग. ती म्हणाली, माझ्या आयुष्यात असं काही नाहीये. खरंच नसेल. थोड्या दिवसांनी तिला मुंबईला नोकरी लागली. पुढच्या पार्टनरसाठी मी मॅडमना सांगितलं नाही.

ग्रुप मात्र मी सोडलेला नाही. सकाळी पाच शब्द येतात. मी ते गोडादऱ्याहून कतारगामला जाताना वाचते आणि मनात वाक्यं करते, आपल्या आयुष्यातली. नवऱ्याला मधे पलसाण्याला ताप आला होता. त्याने मला कळवलंच नाही, बरा झाल्यावर सांगितलं. त्यावर माझी दोन चांगली वाक्यं झाली. मुलगी या वर्षी पास होईल, तिला नाशिकलाच राहायचं आहे. त्यावर एक झालं.

परवा रिक्षात तीन बायकांमध्ये दाटीने बसले होते. शब्द होता 'कन्फाइड'. विश्वासाने कुणाला मनातलं सांगणं. वाक्य जमत नव्हतं. मी ते पुन्हा पुन्हा जुळवत होते आणि माझे ओठ हलत असावेत, कारण शेजारची बाई माझ्याकडे वळली.

"कंई कह्युं, बेन?" तिने विचारलं.

"ना ना," मी म्हटलं. "कंई नहीं."

तिला वाटलं मला अडचण होते आहे. तिने तिची पिशवी मांडीवर घेतली आणि थोडी सरकून बसली.